सगुणाबाई गडी होत्या की नव्हत्या, त्याची हकीकत

मैदानमाता प्रसन्न. मध्यरेषेस दंडवत, आणि ज्यांचे छातीत दम आहे व ज्यांचा सरला आहे अशा उभयतांस आशीर्वाद. राज्याभिषेक शके बावीस, सिद्धार्थी नाम संवत्सर, ते साली जे घडले ते येणेप्रमाणे.

एक राज्य होते. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, ज्याचे त्यास उमगेल. त्या राज्यास हुतूतूचा भारी नाद, आणि सरकारांनी आपले पदरी एक पुरुषांचे पथक व एक बायकांचे पथक बाळगिले होते. दोहोंचे काम एकच, की रोज मैदानास जावे, अंग कसावे, सरकारचे निशाण घेवोन खेळावे आणि जिंकोन यावे. मात्र पुरुषांस सरकारातून जे मिळे त्यास 'तैनात' म्हणत, म्हणजे कामाचा पगार, दरमहा, न मागता. आणि बायकांस जे मिळे त्यास 'चोळीबांगडी' म्हणत, म्हणजे सणास एक खण, एक नारळ आणि माहेरवाशिणीस द्यावे तैसे हातावर काही, तेही कोणास आठवण राहिल्यास. कोणी पुसिलेच की हे ऐसे का, तर दरबारी मंडळी म्हणत, 'अहो, लेकीबाळींस कोणी पगार देतो काय? त्यांची हौस पुरवावी.' हे बोलणे इतके गोड होते की त्यावर भांडणारी बाईच वाईट दिसे.

त्या पथकात सगुणाबाई म्हणोन चढाईत नावाजलेल्या होत्या. यजमान सरकारी पागेत घोड्यांस नाल ठोकीत आणि फौजेबरोबर दूर मोहिमेवर गेले होते. घरी सासू म्हाळसाबाई, त्यांचे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मार्गशीर्षात जन्मलेली लेक, चिंगी. लेक पोटात असता व पुढे पाजीत असता बाई मैदानापासून दूर राहिल्या, आणि तेव्हा त्यांस कळले की ओढ म्हणजे काय. लेकीस थोपटिताना अंगाईचे जागी ओठांत हुतूतू येई, आणि लेक त्यावरच निजे. पाण्यास निघाल्या की वाट वाकडी करोन मैदानाकडून जात आणि भरली घागर कमरेवर तैसीच ठेवोन उभ्या राहात, आणि चुन्याची मध्यरेषा दिसली की पायाचे आंगठे आपसूक जमीन धरीत. आणि मग एकाएकी धास्ती लागे, की लेक जागी जाहली असेल, सासूबाईंस दिसत नाही, पोर चुलीकडे रांगत गेली असेल, आणि घागर हिंदकळत, पाय भिजवीत घरी धावत. घरी आले की मैदान दिसे, मैदानी गेले की घर. सुख दोहोंकडे होते, पण बाई दोहोंकडे पुऱ्या नव्हत्या.

त्याउपरि भाद्रपदात शेजारचे राज्याची दोन्ही पथके खेळावयास आली. आपले पुरुष सकाळीच हरले. बायकांचा खेळ भर दुपारी लागला, आणि सगुणाबाई बाळंतपणाउपरि नऊ मासांनी पाटीत, म्हणजे आखल्या मैदानात, उतरल्या. खेळ बरोबरीत असता शेवटची चढाई त्यांची. चोळी दुधाने भिजोन गेली होती, आणि कानी घरचे रडे येत होते, जे तेथे नव्हतेच. तरी एका दमात तिघींस शिवोन बाई परतल्या आणि रेषेवर पालथ्या पडल्या. सरकारस्वारी बैठकीवरून उठोन उभी राहिली, डोळ्यांत पाणी आले, आणि दरबारी मंडळींदेखत हुकूम जाहला की, 'ज्या ज्या गड्याने आमचे निशाण मिरविले, त्या प्रत्येक गड्यास यंदाचे दसऱ्यापासून एकसारखी तैनात. लहान नाही, थोर नाही.' बायका एकमेकींचे गळ्यात पडल्या. त्या सांजेस म्हाळसाबाई सुनेस म्हणाल्या, 'हे बघ सगुणे, माझे डोळे गेले. पोर माझ्या हाती देऊन तू खेळतेस आणि मी इथे घटकेघटकेला देवाला हाका मारते. पगार लागला तर दाई ठेवू, आणि तू खेळ म्हातारी होईस्तोवर. नाही लागला तर कार्तिकात धाकट्याच्या गावी जाऊ. तिथे चार बायामाणसे आहेत पोर धरायला.' धाकटे दीर चार दिवसांचे वाटेवर राहात. त्या गावी मैदान नव्हते आणि हुतूतूचे नावही नव्हते. बाईंनी मान डोलाविली. सासूचे बोलण्यात खोटे काहीच नव्हते.

मग पितृपक्ष सरता सगुणाबाई आणि पथकातील धाकटी गंगू चिटणिसांकडे गेल्या. चिटणीस अंताजीपंत, हुकुमाचे शब्द लावणे त्यांचे हाती. पंतांनी हसतमुखे खण पुढे सरकविला. 'घ्या सगुणाबाई. रेशीमकाठी आहे. मी स्वतः निवडला.'

'पंत, हुकुमात तैनात आहे.'

'आहे ना! गड्यांस आहे. आता गडी म्हणजे काय? आमच्याकडे पाणी भरतो तो गडी. गडीमाणूस आणि बाईमाणूस. तुम्ही बाई. आता व्याकरणच असे आहे त्यास मी काय करू, सांगा?'

'पण सकाळी हरले ते गडी, आणि दुपारी जिंकलो त्या आम्ही?' गंगू बोलिली.

'पोरी, मोठ्यांत बोलू नये. आणि असे पाहा सगुणाबाई, पुरुषांच्या खेळास वीस हजार रयत लोटते. तुमच्या खेळास कोण येतो?'

'त्यांचा खेळ सकाळी गारव्यात, नाहीतर उन्हे कलल्यावर लावता, पंत. आमचा लावता भर दुपारी, रयत पानावर बसते तेव्हा. त्या उन्हात कुत्रीसुद्धा येत नाहीत.'

'बघा! कुत्रीसुद्धा येत नाहीत हे तुम्हीच कबूल केलेत,' ऐसे बोलोन पंत सुपारी कातरीत बहुत हसले. बाईंनी खण तेथेच ठेविला आणि परतल्या, आणि वाटेत गंगू रडली, बाई रडल्या नाहीत, घरी जावोन लेकीस पाजिले.

पुढे नवरात्रात सराव चालला असता गंगूची पकड जाहली, आणि पंच भिवजीबाबा यांनी तीस वर्षांचे रिवाजाप्रमाणे आरोळी दिली, 'गडी बाद!' सगुणाबाई रेषेपाशी उभ्या होत्या. रोजचाच शब्द, परंतु ते दिवशी काळजात काट्यासारखा शिरला. जवळ जावोन पुसिले, 'बाबा, काय म्हणालात?'

'गडी बाद म्हणालो. आज काय नवीन आहे?'

'गंगू गडी आहे?'

'पाटीत उतरला तो गडी. पाटीत दादला-बाईल नसते.'

'आणि बाद म्हटल्यावर कोणी बाहेर गेलेच नाही, तर?'

भिवजीबाबांचा चेहरा उतरला. 'तर तीन साले मैदान बंद. पंचाचा शब्द मोडणाऱ्यास माफी नाही, मग तो राजाचा लेक असो. पोरी, काय आहे तुझ्या मनात?'

'काही नाही, बाबा.'

परंतु होते. बाईंनी घरी येवोन भाकरी थापिताना विचार केला, की तीन साले म्हणजे छातीतला अर्धा दम गेला. आणि गप्प बसावे तर कार्तिकात गाव सोडणे आले, म्हणजे जन्माचेच बंद. मग दोहोंपैकी तीन साले थोडी. ऐसे मनाशी ठरले, आणि ठरल्यावर तव्यावरची भाकरी करपली ती लेकीने रडोन सांगितली.

मग दसरा आला. सीमोल्लंघन जाहले आणि सरकारस्वारीपुढे खेळ लागला. सणाचा दिवस म्हणोन दुपारीही रयत मावत नव्हती. सगुणाबाई चढाईस गेल्या, चौघींनी पाय धरिले. खरोखर सापडल्या की सापडू दिले, हे त्यांचे त्यांस ठाऊक. भिवजीबाबा ओरडले, 'गडी बाद!' बाई उठल्या, धूळ झाडिली, आणि जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा आरोळी जाहली. बाई उंच स्वरे बोलिल्या, 'कोण गडी, बाबा? चिटणीस म्हणतात, गडी म्हणजे पुरुषमाणूस. मी तर बाई. मग मी बाद कशी होईन?' मग मागून कोणी म्हातारा ओरडला, 'खरं बोलली की! बाद व्हायला गडी अन् पगाराला बाई!' आणि हशाचा ऐसा लोट उठला की हत्ती बिथरले. सरकारस्वारीही हसली, आणि हसता हसता चिटणिसांकडे वळोन पाहिले. इतक्यात भिवजीबाबांनी काठी वर केली. 'तीन साले मैदान बंद,' ऐसे म्हणाले, आणि तोंड फिरविले. बाईंनी मध्यरेषेचा चुना कपाळी लाविला आणि रेषेबाहेर आल्या, आणि लेक सासूचे कडेवरून घेतली.

पंत मोठे हुशार. दुसरे दिवशी नवा हुकूम निघाला, परंतु तैनातीचा नव्हे, तर 'यापुढे बायकांचे खेळात पंचांनी गडी बाद न म्हणता बाई बाद म्हणावे.' येणेकरोन व्याकरण शुद्ध जाहले आणि बायकांचे हाती खण राहिला. भिवजीबाबांनी हुकूम मस्तकी लाविला, आणि घरी जावोन जेवले नाहीत.

कार्तिक लागला. म्हाळसाबाईंनी बोचकी बांधिली. निघण्याचे आदले दिवशी बायकांचा खेळ होता, तो शेवटचा पाहावा म्हणोन सगुणाबाई लेकीस घेवोन रेषेबाहेर बसल्या. ते दिवशी सरकारस्वारीच्या मातोश्री प्रथमच खेळ पाहावयास आल्या. त्या राज्यात नुसते 'बाई' म्हटले की त्याच, दुसरी कोणी नव्हे. पत्रांत बाई, मुजऱ्यात बाई, देवळात नवस बोलतानाही बाईंचे आयुष्य मागत. हे राज्यात पोरासोरांस ठाऊक, आणि चिटणीस मात्र शब्द लिहिताना व्याकरण पाहात राहिले, माणूस पाहणे राहोन गेले. खेळ सुरू जाहला. पहिली पकड होताच भिवजीबाबांनी जीभ चावली, मग डोळे मिटोन, भरल्या मैदानात, मातोश्रींचे बैठकीसमोर आरोळी दिली, 'बाई बाद!'

वारा थांबला. भालदाराचे हातचा दंड पडला. मातोश्री शांतपणे म्हणाल्या, 'कोण बाद? आम्ही? कोणी केले?' पंत धावले, पागोटे सुटले, आणि गडी काय, बाईमाणूस काय, व्याकरण काय, सारे सांगत सुटले, आणि जों जों सांगत तों तों खोल जात. मातोश्रींनी सारे ऐकोन घेतले. मग म्हणाल्या, 'म्हणजे काढून टाकायला गडीही चालतो आणि बाईही चालते. देण्याची वेळ आली की शब्दच सापडत नाही. असे ना, पंत? तीस वर्षांचा शब्द आहे तोच राहो. आणि शब्द जिच्या अंगावर पडेल तिच्या हाती तैनात पडो, पुरुषांस आहे तितकीच, दसऱ्यापासून.' मैदानात आनंद मावेना. मग पुसिले, 'हा तंटा उठवणारी कुठे आहे?' सगुणाबाई लेकीसह पुढे आल्या. मातोश्री म्हणाल्या, 'तुझी तीन साले माफ. जा, उतर पाटीत.'

तेव्हा सगुणाबाईंचे आंगठ्यांनी जमीन धरिली. पाटी चार पावलांवर होती. गंगूने हातही पुढे केला होता. आणि बाई भिवजीबाबांकडे पाहात राहिल्या, आणि मग हळू बोलिल्या, 'बाई, माफी नको. पुरुषांपैकी कोणी पंचाचा शब्द मोडला असता तर त्यास माफी नव्हती. मला दिलीत, तर ती बाईमाणूस म्हणून दिलीत असे होईल. तीसुद्धा चोळीबांगडीच. शब्द गड्याने मोडला, शिक्षा गड्याची घेते.' मातोश्री मान तुकवून म्हणाल्या, 'हे आम्हांस सुचले नसते.' आणि बोलोन गेल्यावर सगुणाबाईंचे मनात आले, की हे काय केले, हाती आले ते आपल्या तोंडाने घालविले. लेक खांद्यावर गच्च धरोन घरी आल्या, आणि उंबऱ्यात बसोन मन मोकळे होईतो रडल्या.

म्हाळसाबाई आतून चाचपडत आल्या आणि सुनेचे डोक्यावर हात ठेवोन म्हणाल्या, 'बोचकी सोड. तिकडे गेलीस तर दम विसरशील. तू रडत होतीस तेव्हा परसदारी गंगू येऊन गेली. पोरी म्हणतात, दाई आम्ही पाठवतो, तुम्ही फक्त आम्हांला चढाई दाखवा. राहू इथेच तीन साले. मी काय, देवाला हाका मारायची सवय झालीच आहे.'

तेव्हापासून सगुणाबाई रोज रेषेबाहेर बसतात. चिंगी आता चालते, बोलते. परवा गंगू चढाईस गेली, पाचजणींत अडकली, आणि बाईंनी इकडे श्वास धरिला तो तिचा पाय परत रेषेस लागेतो सोडिला नाही. लेक तोंडाकडे पाहात होती. म्हणाली, 'आये, तू जा की.'

'जाईन.'

'कदी?'

बाईंनी तिचे नाक पुसिले.

इतकी हकीकत. बायकांस तैनात पोहोचते, दरमहा, न मागता. खेळ उन्हे कलल्यावर लागतो आणि रयत मावत नाही. अंताजीपंत हल्ली शब्द लिहिण्याआधी दोघांस विचारतात. शिक्षेपैकी एक साल पाच मास सरले, बाकी एक साल सात मास. बाई मोजीत आहेत.