दौलतरावांची विटकी बाही

दौलतराव वैशाखातही लोकरी कोट घालत. ढाणकीच्या उन्हात आम्ही नुसत्या बनियनवर कासावीस व्हायचो, आणि हे गृहस्थ कोटाची सगळी बटणं लावून जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायला निघत. उकडत नाही का, असं कोणी विचारलं की सांगत, लोकर घाम पिते, तुमचं कापड तो अंगाला चिकटवतं.

ते माझे शेजारी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात एक पेटी, तिच्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि तो कोट. कोट कधी धोब्याकडे गेला नाही. रोज ब्रश फिरायचा, तोही वरून खाली. महिन्याकाठी पडवीत सावलीला वारा खायचा. त्या वेळी दौलतराव शेजारी खुर्ची टाकून बसत, जणू पाहुणाच आलाय.

टेरिलीन तेव्हा नवंनवं आलं होतं. मी हौसेनं शर्ट शिवला. दौलतरावांनी बाही चिमटीत धरली.

"कापडानं बोललं पाह्यजे, मास्तर. हे मुकं हाय."

मी तो शर्ट पुढे त्यांच्यासमोर घातला नाही.

कोट विटला की नवा शिवायचा नाही, उलटायचा, हा त्यांचा धर्म. बाजारातले करीमभाई शिंपी कोट सगळा उसवत आणि कापडाची आतली, न विटलेली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवत. उलटल्यावर वरचा खिसा डावीकडून उजवीकडे जाई. त्याचाही दौलतरावांना अभिमान.

त्या दिवाळीला हा कोट उलटून आला. सगळा गर्द तपकिरी, आणि डावी बाही तेवढी विटकी. करीमभाईंनी ती उलटलीच नव्हती. आता शिंप्याची धडगत नाही, असं मला वाटलं. एका वाकड्या काजासाठी पुसदच्या शिंप्याला शर्ट परत धाडणारा हा माणूस. पण दौलतराव तोच कोट घालून भर बाजारातून फिरले. पोरं हसली. जिनिंगमध्ये कोणी विचारलं, तर नवी फॅशन आहे म्हणाले.

मला राहवेना. संध्याकाळी त्यांच्याबरोबर करीमभाईंच्या दुकानात गेलो. रोज दिवेलागणीपर्यंत त्यांची बैठक तिथेच असे. करीमभाई सुईत दोरा ओवत होते आणि दोरा सुईच्या बाजूनं जात होता. दौलतरावांनी सुई काढून घेतली, ओवली, आणि कापसाच्या भावाबद्दल बोलता बोलता गादीवरच्या बाकीच्या सुयाही ओवून ठेवल्या.

करीमभाईंनी त्यांच्या खांद्यावरून हात फिरवला. "बराबर बसला ना? सच बोलना, दौलतराव. हात चुकला असंन तं मी मशीन विकतो अन् लेकीकडं नांदेडले जातो."

"एक टाका इकडचा तिकडं नाही, भाई."

परतताना मी म्हटलं, "निदान बाही तरी दुसऱ्याकडून नीट करून घ्या. त्यांना खरं सांगत का नाही?"

दौलतराव थांबले. विटक्या बाहीवरून त्यांनी हात फिरवला, वरून खाली.

"तो नांदेडले गेला, तं सांजच्याले मी कुठी जाऊ, मास्तर?"