स्टुलाभोवती गुलाबरावकाका

कुठल्याही झाडाभोवती फिरायचं झालं, की आमचे शेजारी गुलाबरावकाका आधी डाव्या पायातली चप्पल काढून तिथेच ठेवतात आणि एकाच चपलेवर चक्कर मारतात. चप्पल परत दिसली की चक्कर पूर्ण. "नाही त एकच फांदी दोनदा मोजल्या जाते."

सौंसर-रामाकोन्याच्या बागांमध्ये काकांनी वर्षानुवर्षं व्यापाऱ्यांना झाडावरची संत्री नजरेने मोजून दिली. आता ते काम सुटलंय, सवय नाही. नवा कूलर, पाहुण्यांची मोटारसायकल, आमची तुळससुद्धा ते चप्पल ठेवूनच बघतात.

मी घरूनच नागपूरच्या एका लहानशा कंपनीसाठी मोबाइल अ‍ॅप बनवते. त्यात व्यापाऱ्याला स्क्रीनवर संत्र्याचं अख्खं झाड दिसतं, आणि बोट सरकवलं की ते गोल फिरतं. फिरवण्याचा भाग माझा. लोकांशी बोलणं मला जमत नाही, म्हणून चाचणीसाठी शेजारचं दार वाजवलं.

"हे त फिरून राहिलं व!" काका म्हणाले. बोट उचललं, पुन्हा ठेवलं. "आता मांगं पळालं." तीनदा तेच झालं. "झाड आयकत नसन, त मीच फिरतो." त्यांनी फोन स्टुलावर ठेवला, चप्पल काढली आणि गंभीर चेहऱ्याने स्टुलाभोवती फिरू लागले. बनियनवर.

मी तोंडावर ओढणी धरली आणि माझ्या दुसऱ्या फोनवर व्हिडिओ घेतला. लगेच ऑफिसच्या ग्रुपवर टाकला: 'आमचे सीनियर टेस्टर.' त्या ग्रुपवर माझ्या कुठल्याही वाक्याला कधी इतकी उत्तरं आली नव्हती. मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

काका घाम पुसत बसले. "पोरी, तुया झाडाले चप्पल नाही."

"म्हणजे?"

"बोट उचललं का ते विसरते, कुठवर आलतं ते. हात लावला का पुन्हा पयल्यापासून."

खरंच होतं. झाड किती फिरलं तो कोन मी कुठे साठवतच नव्हते. प्रत्येक स्पर्शाला मोजणी शून्यापासून. आठवडाभर आम्हा पाच इंजिनियरांना ते दिसलं नव्हतं. माझे कान तापले. तिथेच बसून दुरुस्ती केली, आणि झाड सोडलं तिथे थांबायला लागलं.

आता तो व्हिडिओ काढून टाकावा म्हणून ग्रुप उघडला, तर काका म्हणाले, "मायी फिल्म घेतली ना? पाहू दे."

नाही म्हणता आलं नाही. स्टूल, काका, आणि माझं हसू. ओढणीतूनही किती मोठं आलं होतं ते. मी घाईने आवाज कमी करू लागले.

"राहू दे न आवाज. दोन चक्करमध्येच समजलं होतं मले, तुया झाडाले चप्पल नाही ते. मंग तू हसून राहिली होती, म्हनून आणखी तीन मारले. इथं दिवसभर मी अन् टीव्ही."

व्हिडिओवर नवे निरोप येऊन पडत होते.

"हे पिवळे तोंडं कोनाचे?"

"ऑफिसचे."

"सारे हसून राहिले! आवडलं म्हन त्यायले." काकांनी माझ्या हातातला फोन घेऊन डोळ्यांजवळ नेला. "आधी सांगाचं ना व. उद्या इस्तरीचा सदरा घालतो, मंग पुन्हा घे."

"हो काका," मी म्हणाले, आणि फोन परत मागायला माझा हात पुढे झाला नाही.