पाठ करून दिलेली फांदी

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं, फक्त बाग नव्हती. हसायला काय झालं? झाडं होती हो, ढीगभर होती. पण ती आपली आपण उगवलेली. अशा झाडांपुढे कुणाच्या नावाची पाटी लावता येत नाही, आणि सिंहमहाराजांना पाटी लावायची फार हौस होती.

म्हणून फतवा निघाला. गुहेसमोरच्या माळावर बहुवर्षायू बाग करायची. बहुवर्षायू म्हणजे एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकणारं. महाराजांना दरसाल खर्च नको होता. खरं विचाराल तर यंदाचाही नको होता. बागेसाठी म्हणून जी बोरं मंजूर झाली, ती बहुतेक भूमिपूजनाच्या जेवणावळीतच संपली. तळाची एक टोपली तेवढी साळूबाईच्या पुढ्यात आली.

साळूबाई म्हणजे आपलं साळिंदर. तिच्या चार पिढ्या जांभळीखालच्या बिळात नांदल्या होत्या. महाराज तिला म्हणाले, "पुढच्या पावसाळ्याच्या आत माळ भरला तर बीळ तुझं. नाही भरला तर बीळ खाली कर."

माळ केवढा, तर हरणाला धावून दम लागेल एवढा. आणि कोल्होबाच्या नर्सरीत टोपलीभर बोरांना तीन कुंड्या मिळत. तीन. साळूबाईनं ती बोरं खड्डे खणणाऱ्या घुशींना मजुरी म्हणून देऊन टाकली आणि रोपांसाठी ती शेजारपाजारी निघाली.

आता इथं त्या जंगलाची एक रीत सांगायला हवी. हातानं दिलेली फांदी लागत नाही, वाळून जाते. चोरून नेलेली मात्र अशी फोफावते की विचारू नका. हे कुणी ठरवलं तेही विचारू नका. तुमच्या घरीही असंच म्हणतात, मला ठाऊक आहे.

साळूबाई आधी नीलगाय काकूंकडे गेली. "काकू, जास्वंदीची एक फांदी हवी होती."

"एक का, चार ने की गं. पण मी काही देणार नाही बाई, दिलेली लागत नाही. मी आपली पाठ करून उभी राहते, तू चोर."

काकू पाठ करून उभ्या राहिल्या. मग तशाच उभ्या उभ्या म्हणाल्या, "डावीकडची घे. ती चांगली जून आहे."

घोरपडआजींनी डोळे मिटले आणि कर्दळीचे गड्डे जाऊ दिले. अस्वलभाऊ तर मुद्दाम फिरायला गेले, आणि जाताना गवती चहाचा ठोंब स्वतःच उपटून कुंपणाबाहेर ठेवून गेले. जंगलच्या जंगल पाठमोरं उभं राहिलं. साळूबाई काट्यांत फांद्या खोचून पावसात खेपा घालत होती.

तिच्या एका गोष्टीचं मला अजून कौतुक वाटतं. साळिंदराला कंद म्हणजे जीव की प्राण. हिच्या हातात रोज निशिगंधाचे टपोरे कंद, आणि पोटात भूक. एकही खाल्ला नाही तिनं. एकेक कंद वेगळा करून मातीत घातला, आणि स्वतः गवत चावून झोपली. बिळासाठी हो, दुसरं काय.

उन्हाळ्यापर्यंत माळ भरला. जास्वंदीला कळ्या धरल्या. महाराजांनी तीनदा मान हलवली.

कोल्होबाच्या नर्सरीतली मात्र एकही कुंडी हलली नव्हती. तो गुहेत जाऊन हात जोडून म्हणाला, "महाराज, बाग झकास आहे. फक्त सगळी चोरीची आहे. आपली पाटी चोरीच्या मालावर लागणार, एवढंच मनाला लागतं."

महाराजांनी दरबार भरवला. नीलगाय काकूंना विचारलं, "फांदी तुम्ही दिली, की हिनं चोरली?"

काकूंनी मनाशी विचार केला. दिली म्हणावं, तर जास्वंद वाळणार. सगळ्यांनीच दिली म्हटलं, तर माळच उजाड होणार आणि बिचाऱ्या साळूचं बीळ जाणार. तिच्या जिवासाठी त्या ठामपणे म्हणाल्या, "मी दिली नाही. माझी पाठ होती."

साळूबाई कळवळून म्हणाली, "काकू, डावीकडची घे असं तुम्हीच म्हणालात ना?"

"मी कशाला म्हणू?" काकू म्हणाल्या, आणि काळजी करू नकोस अशा अर्थानं त्यांनी तिला डोळा घातला.

घोरपडआजींचे डोळे मिटलेले होते. अस्वलभाऊ फिरायला गेले होते. सगळ्यांनी अगदी खरं तेच सांगितलं, आणि प्रत्येकाला साळूबाईला वाचवल्याचं समाधान वाटलं.

चोरी शाबीत झाली. माल जप्त झाला, म्हणजे होता तिथंच राहिला. बाग सांभाळायला कोल्होबाला नेमलं आणि राहायला जांभळीखालचं बीळ दिलं. पाटीवर वर महाराजांचं नाव, खाली कोल्होबाचं. त्याखाली लिहिलं, 'फुले व फांद्या तोडू नयेत.'

साळूबाई ओढ्यापलीकडच्या खडकाळ जागी गेली. आठवड्यानं काकू भेटायला आल्या. फार खुशीत होत्या. "बघ साळू, एकही फांदी वाळली नाही. वाचवली की नाही तुझी बाग? आता इथंही लाव काहीतरी. माझ्या घरी चल, मी पाठ करून उभी राहते."

"नको काकू," साळूबाई म्हणाली. "या खेपेला तुम्ही फांदी घेऊन या. माझ्याकडे बघून, माझ्या हातात द्या. वाळली तर वाळू दे."

काकू ओशाळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फांदी आणली आणि साळूबाईच्या हातात दिली.

ती लागली. नुसती लागली नाही, दिवाळीला फुलली. पण जंगलात कुणी ते मानलं नाही. सगळे म्हणाले, "देताना काकूंनी डोळे मिटले असणार."

तात्पर्य : चोरून आणलेलं रोप जगतं, ही रीत शंभर टक्के खरी आहे, आणणाऱ्याबद्दल तिचं काही म्हणणं नाही. तेव्हा बाळांनो, कमी खर्चात बाग हवी असेल, तर ती दुसऱ्याला लावू द्यावी. आपण फक्त पाटी रंगवून तयार असावं.