चंडोल फार जवळ आला

दातांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी दवाखाना बंद ठेवला तो चंडोलासाठी. चिमणीएवढा, वाळूच्या रंगाचा, गोड गळ्याचा हा पक्षी कित्येक हिवाळे त्यांना हुलकावणी देत होता. गावातल्या पक्षिमित्र मंडळाच्या प्रदर्शनाला फोटो द्यायचा आज शेवटचा दिवस, आणि डॉक्टरांच्या संग्रहात होते ते चंडोल उडून गेल्यानंतरच्या रिकाम्या दगडांचे फोटो.

चंडोल का उडतात हे त्यांच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं. पेशंटचा जबडा उघडा ठेवून एकट्यानेच बोलायची डॉक्टरांना इतकी सवय, की वाळवंटातही त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे.

"पक्षी माणसाला घाबरतात, गाडीला नाही," वाळवंटात शिरताना ते गाडीत सांगत होते. "तेव्हा खाली उतरायचं नाही. खिडकीतूनच फोटो. लेन्स टेकवायला वाळूची पिशवी आणलीस ना?"

"आणली हो," गाडी थांबवत बायको म्हणाली. "पण वाळवंटात घरून वाळू कोण नेतं? बाजरी भरलीय."

पिशवी खिडकीवर ठेवली, वर जड लेन्स ठेवली, आणि वजनाने शिवण उसवली. बाजरी खाली सांडू लागली. आसपास झाड नाही, झुडूप नाही. सावली काय ती गाडीची. एक चंडोल टुणटुणत सावलीत आला, दाणे टिपत टिपत पुढे सरकला आणि चक्क खिडकीखाली येऊन थांबला.

देव देतो आणि कर्म नेतं! त्या मोठ्या लेन्सला चार पावलांच्या आतलं काही दिसतच नाही. डॉक्टरांनी ओठ न हलवता म्हटलं, "मागे घे."

"काय?"

"गाडी! हळू!"

बायकोने गाडी मागे घेतली. मागचं चाक गुरगुरलं आणि वाळूत रुतलं. चंडोल भुर्रकन उडाला.

"गेला! गाडीही अडकली! अगं, मी तुला किती वेळा—"

वाक्य तिथेच राहिलं, कारण चंडोल परत आला होता. आता तो थेट लेन्सवर बसला, मान वाकडी करून त्याने डॉक्टरांकडे पाहिलं, आणि गायला लागला.

बोललं तर उडेल. डॉक्टर उघड्या तोंडाने तसेच बसले. नखाएवढा गळा थरथरताना त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. आजवर मध्ये नेहमी लेन्सची काच असायची. एवढासा जीव आपल्यावर विश्वास टाकून बसलाय, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. आभार कुणाचे मानावेत हे कळेना, म्हणून त्यांनी मनातल्या मनात सगळ्यांचेच मानले, रुतलेल्या चाकाचेसुद्धा. शेजारी बायकोने आवाज न करता मोबाइल उचलला.

टायरमधली हवा कमी केल्यावर चाकाने वाळूत पकड घेतली आणि गाडी निघाली. मंडळाचं दार बंद होता होता डॉक्टरांनी फोटो दिला, तोही बायकोच्या नावाने.

प्रदर्शनात त्या फोटोपुढे सर्वांत जास्त गर्दी होती: लेन्सवर चोच उघडलेला चंडोल, त्याच्यासमोर तोंड उघडलेले डॉक्टर.

"वहिनी," मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "या क्षणाची किती वाट पाहिलीत?"

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली. "हे गप्प बसल्याशिवाय तो यायचा कसा?"

हशा पिकला. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बायकोचे अगदी मनापासून आभार मानले. अध्यक्ष गेले, गर्दी पांगली, शिपायाने दिवे मालवायला घेतले, तरी ते मानतच होते.