दोन फेजवरचे निवृत्तीअण्णा

आमच्या बेंबळीतले निवृत्तीअण्णा दर रविवारी एस.टी.नं धाराशिवला जातात आणि तिथल्या कॅथलिक चर्चच्या फादरांना सांगतात, की ह्या आठवड्यातही म्हसोबाला जाऊन आलो, माफी असावी. मग अमावास्या आली की शेताच्या बांधावर जाऊन म्हसोबापुढं नारळ फोडतात आणि त्याला सांगतात, की महिनाभर चर्चला गेलो, डोक्यात राग धरू नको. लोकांना एका देवाची माफी मागायचा कंटाळा येतो. अण्णा दोघांची मागतात, तीही एकमेकांबद्दल.

फादरांनी त्यांना पुष्कळदा समजावलं, की अण्णा, पापनिवेदन बाप्तिस्मा झालेल्या माणसानं करायचं असतं, तुमचा अजून झालेला नाही. त्यावर अण्णांचं उत्तर ठरलेलं.

"अर्ज तर घेऊन ठेवा. कनेक्शन मागनं द्या."

अण्णा वीज खात्यात वायरमन होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण माझी आई म्हणते, ह्या माणसाला खांबावरनं अजून कुणी उतरवलंच न्हाय. जगातली कुठलीही गोष्ट विजेच्या भाषेत आल्याशिवाय त्यांना कळत नाही. नवरा-बायकोचं भांडण म्हणजे लूज कॉन्टॅक्ट. पुढारी म्हणजे दिवसा जळणारा बल्ब. आणि देवाधर्माबद्दल एकच वाक्य: "एक फेज गेला तर दुसऱ्यावर घ्यायचं. अंधारात बसायचं न्हाय."

मी त्यांचा शेजारी. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी जिथं तिथं सांगतो आणि इथंही सांगणार, कारण त्या पदवीसाठी माझ्या बापानं दुसऱ्याच्या रानात ज्वारी काढली आहे. अण्णा मला नावानं हाक मारत नाहीत. "काय बी.ए." म्हणतात आणि देवाधर्मातल्या सगळ्या शंका माझ्याकडं आणतात. आमचं घर बौद्ध. माझ्या आजोबांनी धम्म घेतला त्या दिवशी घरातले देव टोपल्यात भरले, नदीला नेऊन सोडले आणि रिकामं टोपलं घेऊन परत आले. त्या टोपल्यात पुढं आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या. त्यामुळं अण्णांचं हे जाणं-येणं आईला अजिबात कळत नाही. एकदा ती त्यांना तोंडावर म्हणाली, "आमच्या सासऱ्यानं टोपलं एकदाच उचललं, अण्णा. तुमचं आपलं रोज उचल-ठेव."

अण्णा म्हणाले, "वैनी, तुमच्या टोपल्याच्या दोन्ही कड्या सासऱ्याच्याच हातात हुत्या. माझ्या एका कडीला म्हसोबानं धरलंय अन् दुसरीला मार्थानं."

मार्थाकाकू ही अण्णांची बायको. उपकेंद्रात नर्स होत्या, माहेर ख्रिस्ती. दोघांनी रजिस्टर लग्न केलं, त्याला दोन्हीकडचं कुणी आलं नाही. काकू रविवारी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे तिथल्या उपासनेला, आत जायच्या, अण्णा बाहेर चिंचेखाली लूनावर बसून राहायचे. चल आत, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि कशाला जातीस, असं ते कधी म्हणाले नाहीत.

नोकरीत असताना अण्णा एकदा आमच्या शिवारातल्या डीपीजवळ खांबावरून पडले. पडले ते नेमके म्हसोबापुढं, उताणे. एक हाड मोडलं नाही. अण्णांच्या आई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, म्हसोबानं झेललं. मार्थाकाकू म्हणाल्या, त्याच वेळी मी जपमाळ म्हणत होते, मरियामातेनं झेललं. सासू-सुनेत ह्यावरून बरेच दिवस धुसफूस चालली. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "दोघांनी मिळून झेललं आसंल. माझं वजन काय कमी हुतं का?"

मग काकू गेल्या. धाराशिवच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरलं. माती टाकून झाली तसं अण्णांनी फादरांना विचारलं, शेजारची जागा मला मिळंल का. फादर वसईकडचे, बोलायला पुस्तकासारखे आणि स्वभावानं मऊ. पण तिथल्या मंडळींचा नियम त्यांना सांगावाच लागला: इथली जागा बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे. तेव्हापासून अण्णांना एकच ध्यास लागला. मरायच्या आधी ख्रिस्ती व्हायचं, म्हणजे मेल्यावर मार्थाच्या शेजारी पडता येईल. काम सोपं होतं. मधे म्हसोबा नसता तर.

चर्चमध्ये आत जाऊन बसायची अण्णांची ही पहिलीच वेळ. पहिल्या रविवारी त्यांनी मलाही सोबत नेलं. मिस्सा ऐन रंगात आला, वेदीपाशी घंटी वाजली, सगळी मंडळी गुडघ्यावर आली. अण्णांना वाटलं, आरती सुरू झाली. ते उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. सगळं चर्च खाली वाकलेलं आणि मधोमध अण्णा एकटे, डोळे मिटून, तालात. पुढं प्रसादाची रांग लागली तेव्हा हेही ओंजळ करून उभे. फादरांनी हातावर काही न ठेवता डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. बाहेर आल्यावर अण्णा मला म्हणाले, "बरोबर हाय. मीटर बसल्याबिगर सप्लाय न्हाय."

नंतर त्यांनी चर्चला प्रदक्षिणा घातली. खेड्यातून आलेल्या दोन म्हाताऱ्यांना वाटलं, नवीन पद्धत निघाली असेल. त्याही मागं निघाल्या. त्यांच्यामागं आणखी माणसं. फादर बाहेर आले तेव्हा चांगली दिंडीच तयार झाली होती.

म्हसोबाकडंही अशीच गत. तिथं अण्णा मेणबत्ती लावायला लागले. बांधावरच्या वाऱ्यात ती टिकेना, तर जुन्या फ्यूजपेटीचं झाकण आणून त्याचा आडोसा केला. म्हसोबाला वर्षाला कंदुरी लागते, म्हणजे बकऱ्याचा नैवेद्य आणि जेवण. एका वर्षी कंदुरीचा दिवस नेमका ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी आला. त्या दिवशी मांस वर्ज्य. अण्णा सकाळीच माझ्या दारात.

"बी.ए., अंडं मांसात मोडतं का?"

मी म्हटलं, माझा विषय इतिहास होता. मग त्यांनी फादरांना फोन लावला. फादर म्हणाले, अंडं चालतं. म्हसोबापुढं एक उकडलेलं अंडं ठेवण्यात आलं. लिंबावरचा कावळा आला आणि अंडं घेऊन गेला. अण्णा म्हणाले, "पटलं त्याला."

एके काळी ह्या म्हसोबाला सगळ्या शिवारातली माणसं यायची. आता हमरस्त्याला मोठं देऊळ झालंय. फरशी, एलईडी, गाड्या लावायला जागा. गाव तिकडं वळलं. म्हसोबाकडं जाणारी पाऊलवाट शेजारच्या सोयाबीनमध्ये गेली. अण्णा तेवढे काटं-कुसळं तुडवत जातात.

फादरांनी अण्णांना वर्षभर धर्मशिक्षण दिलं. मी दोन-चार वेळा सोबत गेलो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तीन असून एक कसे, हे फादर अवघड मराठीत समजावत होते. अण्णांनी त्यांना मधेच थांबवलं.

"थ्री फेज. लाइन येकच. म्होरं चला."

फादरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, सेमिनरीत मला हे कळायला फार वेळ लागला होता. एक गोष्ट मात्र त्यांनी स्पष्ट सांगितली: बाप्तिस्म्यानंतर म्हसोबाची पूजा सोडावी लागेल. अण्णा म्हणाले, "बघू." आमच्याकडं 'बघू' म्हणजे नाही. वसईकडं बहुतेक हो असावं, कारण फादरांनी ईस्टरनंतरचा रविवार नक्की केला.

आदल्या दिवशी अण्णा म्हसोबाचा निरोप घ्यायला गेले. मला सोबत नेलं. नारळ फोडला, शेंदूर चढवला, आजूबाजूचा पालापाचोळा काढला. मग नुसतेच उभे राहिले. मी म्हटलं, चला अण्णा, ऊन झालं. निघाले, पण सारखे मागं वळून बघत होते. पोरगं वसतिगृहात सोडून निघालेला बाप जसा बघतो, तसं.

रविवारी अण्णा पांढरा शर्ट घालून वेदीपुढं उभे राहिले. मी मागच्या बाकावर. फादरांनी विचारलं, "तुम्ही सैतानाचा त्याग करता का?"

"करतो."

"त्याच्या सर्व कृत्यांचा?"

"करतो."

"त्याच्या सर्व पोकळ वचनांचा?"

अण्णा थांबले. "येक मिनिट, फादर. ह्यात आमचा म्हसोबा येतो का?"

पुढच्या बाकावरची एक बाई पदर तोंडाला लावून हसली. फादर हळू आवाजात म्हणाले, अण्णा, ह्याविषयी आपलं बोलणं झालं आहे.

"सैतानाला सोडतो की. त्याच्याकडं लई माणसं हायत. म्हसोबाकडं माझ्याबिगर कुणीच येत न्हाय, फादर. म्या गेलो तर त्यानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

आता कुणी हसलं नाही. फादरांच्या हातात पाण्याचं भांडं तसंच होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"बसा, अण्णा," ते म्हणाले. "पाणी कुठं पळून जात नाही."

अण्णा बसले. सगळा मिस्सा होईपर्यंत खाली मान घालून बसले. घंटी वाजली तेव्हा सगळ्यांबरोबर गुडघ्यावरही आले. मिस्सा सुटला आणि गर्दीत ते मला दिसेनात. एस.टी.ची वेळ होत आलेली. चिंचेखाली पाहिलं, फाटकाबाहेर पाहिलं. मग दफनभूमीकडं चालत गेलो.

मार्थाकाकूंच्या शेजारची जागा अजून मोकळी आहे. तिथलं गवत अण्णांनी उपटून एका बाजूला टाकलं होतं. मी पोचलो तेव्हा त्यांनी खिशातून चौकडीचा रुमाल काढला, झटकला, त्या मोकळ्या जमिनीवर नीट पसरला आणि वर एक दगड ठेवला. हे काय, असं मी विचारलं.

"येष्टीत जागा धरत्यात, तसं." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "बाई येकटी हाय. शेजारी कुणी आलं तर तिला न्हाय म्हणता यायचं न्हाय, तिचा सभावच तसा. रुमाल दिसला म्हंजी माणूस यायचाय, एवढं तरी कळंल."

मागं फाटक वाजलं. फादर येत होते, झगा उतरवून साध्या शर्टावर. मला वाटलं, आता नियम सांगतील. ते आमच्यापाशी येऊन थांबले. रुमालाकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं. दगड एकच होता आणि रुमालाचं एक टोक वाऱ्यानं सारखं उलटत होतं. फादर कुंपणाकडं गेले, तिथला एक चांगला जड दगड उचलून आणला आणि वाकून त्या टोकावर ठेवला.

"वारा आहे, अण्णा," ते म्हणाले.