सत्तेचाळीस वेळा मी

बायकोचं, म्हणजे दैवशालाचं, मनगट दुखतं, म्हणून मी जादा बटनांचा गेमिंग माऊस मागवायचं ठरवलं. एक नाही, तीन. स्वस्तातले, न पटले तर परत करता येणारे. (मी खेळलेला शेवटचा गेम विटीदांडू, आणि त्यातही हरलो होतो.)

तिचं मानवतला लग्नपत्रिका टाइप करून छापून द्यायचं दुकान आहे. त्या आठवड्यात काम घरचंच होतं. झरीला तिच्या भावाच्या, रामकिशनच्या, मुलीचं लग्न. आमच्याकडे पत्रिका म्हणजे अख्खी भावकी: सत्तेचाळीस निमंत्रक, आणि प्रत्येकापुढं 'रा. झरी, ता. जि. परभणी'. एखाद्याचं चुकलं की तो मांडवात पाय ठेवत नाही.

मी माऊसची सॉफ्टवेअरं तपासायला बसलो. पहिलं चिनी भाषेत होतं. दुसऱ्याला नुसते दिवे बदलता यायचे. तिसऱ्यात मात्र दिव्यांसोबत एकदा टाइप केलेला मजकूरही अंगठ्याजवळच्या बटनात साठवता येत होता. चाचणी म्हणून मी त्यात 'श्री. बन्सीधर दत्तराव, समाजभूषण' भरून सेव्ह केलं. (पदवी मीच घेतली. वाट तरी किती बघायची?) मग ते पुसून झरीचा पत्ता घातला, आणि सेव्ह करायच्या आधी चहाला उठलो.

दैवशाला टाइप करताना नजर कागदावर ठेवते, स्क्रीनवर नाही. नव्या माऊसचं बटन दाबत म्हणाली, "लय भारी हाय की." अठरा वर्षांत पहिल्यांदा.

प्रूफ वाचायचं काम माझं. जिथं नजर टाकावी तिथं माझं नाव, ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर. मेव्हण्यानं एवढा मान ठेवलेला बघून माझे डोळे भरून आले. सही ठोकली.

पाचशे पत्रिका छापून झरीला गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी रामकिशन त्यातली एक घेऊन दारात.

"दाजी, लगीन राजेश्रीचं हाय का तुमची जयंती?"

त्याच्या चुलत्यांनी, सटवाजींनी, विचारलं होतं म्हणे, की आमच्या नावाला जावई कशाला चिकटवलाय? चौघांनी तर लग्नाला येणार नाही म्हणून निरोपच धाडले होते.

दैवशालानं जुना माऊस काढला आणि पुन्हा सगळी पत्रिका टाइप केली. सत्तेचाळीस नावं, सत्तेचाळीस पत्ते. सटवाजींसह सगळे राजी झाले. माझं नाव मात्र शोधून सापडेना.

"पत्रिकेत नाव नसलं तर मी येत नसतो," मी फुगून जाहीर केलं.

"बरं झालं," बॅग भरता भरता ती म्हणाली, "घर राखायला माणूस पायजेच होता."

राखलं. सोबतीला तो माऊस होता, सात रंगांत लुकलुकत. (पत्ता सोडून बाकी सगळं सेव्ह झालं होतं, दिवेसुद्धा.)