अप्पा मुद्दाम हरतात

लातुरात पोराचा अर्धा मार्क गेला तरी घरात चूल पेटत नाही. त्याच लातुरात आमचे शेजारी महालिंगप्पा रोज दुपारी मोबाइलवर बुद्धिबळ मुद्दाम हरतात, आणि वर चेहरा असा की घरी पेढे आलेत.

क्लासच्या गल्लीत त्यांचं झेरॉक्सचं दुकान. पोरं नोट्स घेऊन खोळंबलेली, आणि हे आतून ओरडणार, "थांब रे, वजीर द्यायलोय!"

हरणं मला स्वतःला अजिबात सोसत नाही. एकदा न राहवून म्हणालो, "अप्पा, जिंकायला काय धाड भरलीय?"

"जिंकलो की नंबर वाढतो. नंबर वाढला की ॲप वरच्याशी गाठ घालतंय. क्लासवाले टेस्ट घिऊन बॅच लावतेत, बराबर तसंच. लेव्हल सोडून मुकाबला न्हाई."

"मग जा की वरच्या बॅचला!"

"तिथं माझं कोन हाय?"

खालच्या बॅचला त्यांचा थोरला भाऊ होता, किल्लारीचा. भूकंपानंतर अप्पा लातूरला आले, अण्णा गावातच राहिले. "मातीला पाठ दावलीस," एवढं म्हणून त्यांनी बोलणं टाकलं. दोघंही एकाच मुशीतले हट्टी. पुढं पुतण्याकडून कळलं, की अण्णा दुपारी या ॲपवर खेळतात. ॲप लहान, दुपारी माणसं थोडी. नंबर जवळ असला की दोघांची गाठ पडे. कित्येक वर्षं भाऊ असेच भेटत राहिले, एक शब्द न बोलता.

हल्ली अण्णा विसरायला लागलेत. हरतात, नंबर घसरतो. त्यांना 'खेळा' एवढंच बटण दाबता येतं. समोर कोण बसवायचं ते ॲप ठरवतं. म्हणून अप्पाही त्यांच्यामागं घसरत निघालेत.

"अहो, सरळ फोन करा की!" मी वैतागलो.

"केला. नाव सांगितलं. तर म्हनला, 'महालिंग शाळंला गेलाय, सांजच्याला करा.'"

दाराशी आलेल्या पोराला मी हातानंच थांबवलं.

"पन डावात मला वळखतो," अप्पा म्हणाले. "ल्हानपनी त्यानंच शिकवलं, पयलं कोपऱ्यातलं प्यादं सरकवायचं. दुसरं कुनी तसं खेळत न्हाई."

तेवढ्यात ॲपवर डाव लागला, मोबाइल वाजला. पलीकडून कोपऱ्यातलं प्यादं सरकलं. अप्पांनी टोपी नीट केली, मांडी सोडून ताठ बसले आणि बाहेरच्या पोरांना म्हणाले, "आता जावा रे. अण्णा आलाय."